झडप लावली

आमच्या कारखान्यात लाकूड वाळवायच्या तीन भट्ट्या आहेत आणि तिघींना मिळून नवरा एकच, असे भट्टीमास्तरांची बायको म्हणते. स्वतःचा नंबर ती चौथा सांगते, आणि तोही भट्ट्या बंद असतील त्या दिवशी.

भट्टी म्हणजे जाळ-धूर नव्हे. ट्रक आत मावेल एवढी बंद खोली. तिच्यात ओल्या फळ्यांच्या थप्प्या रचायच्या, वाफ सोडायची, पंखे फिरवायचे आणि फळीला कळू न देता तिच्यातले पाणी काढून घ्यायचे. नव्या सुनेकडून माहेरची गोष्ट काढून घेतात तसे, हळूहळू, दुसरेच काहीतरी बोलता बोलता. "फळीला कळलं की ती तडकते," असे मास्तर म्हणतात. भट्टीच्या छतावर एक झडप असते. सुरुवातीला ती मिटलेली ठेवायची, म्हणजे आतली हवा दमट राहते. पुढे लाकूड वळणावर आले की थोडी थोडी उघडायची. या झडपेवर नजर असू द्या, कारण पुढचे महाभारत हिच्यावरून झाले.

मी स्टोअर सांभाळतो. माझी खिडकी नेमकी भट्टीच्या केबिनीसमोर उघडते. आवक-जावक बघायलाच मला ठेवले आहे, तेव्हा सरस आणि खिळ्यांबरोबर माणसांचीही आवक-जावक दिसते, त्याला इलाज नाही.

तर साहेबांनी भट्टीची जुनी बटणे काढून कॉम्प्युटरवर चालणारी सिस्टिम घ्यायचे ठरवले, आणि सिस्टिमवाल्या कंपनीने ती बसवायला जो माणूस पाठवला तो मास्तरांचा जावई निघाला. निघाला म्हणजे, जावई तो आधीपासून होताच. मास्तरांनी तेवढे कुठे बोलून दाखवले नव्हते.

पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये त्याने आम्हाला आपले काम समजावले. "ज्याच्यावर लक्ष ठेवायचं ती प्रत्येक गोष्ट म्हणजे एक पॉइंट. आतली ऊब एक पॉइंट, दमटपणा एक पॉइंट, दार एक, पंखा एक. प्रत्येकाला नाव द्यायचं. वरची हद्द, खालची हद्द द्यायची. किती हललं तर आपल्याला कळवायचं ते ठरवायचं. आणि हद्द ओलांडली की लगेच ओरडायचं, का जरा थांबून ओरडायचं, तेही ठरवायचं."

त्या दिवसापासून तो पॉइंटराव झाला. मला मात्र त्याने फुकटात चाळाच लावून दिला. दिसेल त्या माणसाचे मी पॉइंट पाडू लागलो. आमच्या साहेबांची वरची हद्द इतकी खाली आहे की सकाळी गेटातून आत येतानाच ती ओलांडलेली असते. मास्तरांची बायको इकडची वाटी तिकडे झाली तरी कळवते. मास्तरांचे उलटे: भट्टीत पूर आला तरी "जरा ओल आहे" यापुढे ते जात नाहीत. आणि त्यांची लेक, जी आमच्याकडेच तपासणी विभागात फळ्यांची ओल मोजते आणि जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तिची हद्द तशी बरी, पण ओरडण्याआधी थांबायची मुदत फार मोठी. ती थांबते, थांबते, थांबते. एकदा ओरडली की मग दुसरे कुणी ओरडत नाही.

सासरा-जावयांत वाकडे आले ते एका अक्षरावरून. मुलगी बघायला आला तेव्हा पॉइंटरावाने, गप्पांना काहीतरी विषय हवा म्हणून, विचारले होते, "लाकूड वाळलं हे तुम्हाला कळतं कसं?" मास्तर खुलले. फळीवर टकटक कशी करायची, कान कसा लावायचा, वास कसा घ्यायचा, सगळे त्यांनी सांगितले. सगळे ऐकून हा म्हणाला, "अच्छा, म्हणजे अंदाजच."

नुसते 'अंदाज' म्हणाला असता तर निभावले असते. तो 'च' मास्तरांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. लग्न त्यांनी लावून दिले, कारण लेकीने आधीच जीव लावला होता. पण त्या दिवसापासून जावयाशी सरळ बोलणे बंद. बोलायचे ते ताईमार्फत, आणि तेही तो समोर असताना.

"त्यांना सांग, खुर्ची माझी आहे."

"बाबांना सांग, मी स्टुलावर बसतो."

"त्यांना सांग, स्टूलही माझंच आहे."

तिघांत मिळून अंतर एका हाताचे.

आता यात अडकले होते काय ते सांगतो. कंपनीने पॉइंटरावाला बजावले होते: या कारखान्याने शनिवारपर्यंत 'मान्य' अशी सही दिली, तर इथल्या भागातली देखभाल तुमच्याकडे, घर इथेच. नाही दिली, तर डोंगरापलीकडच्या खाणीवर जा आणि तिथली सिस्टिम निस्तरत बसा. परत कधी ते विचारू नका. सही करायची होती भट्टीमास्तरांनी. म्हणजे सही केली तर लेक दोन गल्ल्या पलीकडे राहणार, नाही केली तर लेक नोकरी सोडून नवऱ्याबरोबर खाणीवर जाणार.

आम्ही म्हटले, सही झालीच समजा. बाप आहे शेवटी. पण हिशेबात आम्ही एक रकाना विसरलो. सही करताना मास्तर लेकीचे बाप नसतात, भट्टीचे असतात.

"मला काय, लेक जवळ हवीच आहे," ते माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले. "पण म्हणून फळ्या तडकू द्यायच्या? फळ्यांनी काय पाप केलंय? त्यांना थोडाच तो जावई आहे?"

अशात साहेबांना स्फुरण चढले. स्क्रीनवर सगळे आपल्या भाषेत पाहिजे! कामगाराला वाचताक्षणी कळले पाहिजे! पॉइंटरावाने ताईला गाठले. "बाबांना विचार, शब्द कोणते घालू?"

मास्तर समोरच पावाचा तुकडा चहात बुडवत होते. म्हणाले, "त्यांना सांग, आम्ही बोलतो तेच लिहा. पुस्तकातलं काही नको."

पॉइंटराव आज्ञाधारकपणे भट्टीपाशी जाऊन उभा राहिला, हातात कागद घेऊन. मास्तर माणसांवर ओरडत होते: "पंखा लाव! वाफ लाव! अरे ते दार लाव आधी, झोपला का? झडप लाव!" आणि काम झाले की, "हां, नको आता."

पॉइंटरावाला घबाड सापडल्यासारखे झाले. सगळ्या कामाला शब्द एकच! लाव, नाहीतर नको. एक नमुना करायचा आणि सगळ्या पॉइंटांना चिकटवायचा. फक्त एक खोच होती. पंखा तो, झडप ती, दार ते. मग त्याने तीन नमुने केले: लावला, लावली, लावले. कुठला पॉइंट पुरुष, कुठला बाई आणि कुठला दोन्ही नाही, याच्यावर तो इतका घाम गाळत बसला की ताई म्हणाली, "वाफ ती आहे हो, तिला 'लावला' काय लिहिता?" त्याने तेही सुधारले. व्याकरणात त्या सिस्टिमला बोट ठेवायला जागा राहिली नाही. अर्थाकडे बघायचे तेवढे राहून गेले.

शनिवार उजाडला. दोन नंबरच्या भट्टीत ताज्या फळ्या रचल्या होत्या, साहेबांच्या लाडक्या गिऱ्हाइकाच्या मोठ्या टेबलासाठी. केबिनीत मास्तर खुर्चीवर, पॉइंटराव उभा, आणि ताई ओल मोजायचे यंत्र हातात घेऊन दारात. मी स्टोअरमध्ये बसून काय करणार? काहीतरी द्यायचे निमित्त करून मीही आत जाऊन कोपऱ्यात उभा राहिलो.

"त्यांना सांग," मास्तर म्हणाले, "सुरू करतो म्हणून."

ताई यंत्राची बटणे तपासत राहिली.

"अगं, सांग ना."

"मी आज निरोप्या नाही," ताई म्हणाली. "मी आज तपासणीची आहे. तुमच्या दोघांचं तुम्ही बघा. इतके दिवस मी सांगकामी झाले, आता माझ्या तोंडाला कुलूप."

दोघांनीही तिच्याकडे असे पाहिले, जणू केबिनीची वीज गेली. मग मास्तर खाकरले आणि स्क्रीनला उद्देशून म्हणाले, "सुरू करतो." स्क्रीनच्या वतीने पॉइंटराव म्हणाला, "करा."

दार लावले. पंखा लावला. वाफ लावली. प्रत्येक बटणाला स्क्रीनवर हिरवा ठिपका उमटला, आणि मास्तरांच्या मिशीखाली, आपले शब्द असे छापून आल्याबद्दल, किंचित समाधानही उमटले. मग त्यांनी झडपेचे 'लावा' दाबले. वरून घरघर आवाज आला. स्क्रीनवर आले: 'झडप लावली'.

थोडा वेळ सगळे गुण्यागोविंदाने चालले. मग दमटपणाचा आकडा उतरायला लागला. आधी सावकाश, मग सुटलेल्या गुरासारखा. लाल दिवा लागला आणि सिस्टिम ओरडू लागली.

"दमटपणा का उतरतोय?" मास्तरांनी स्क्रीनला विचारले.

"वाफ बाहेर जातेय," पॉइंटराव म्हणाला.

"कुठून?"

"झडपेतून."

"झडपेतून कशी जाईल? झडप तर लावली आहे!"

"हो, लावली आहे."

"लावली आहे ना?"

"मग! हे काय लिहिलंय."

"मग वाफ जाते कशी?"

"अहो, झडप लावली आहे म्हणून!"

मास्तर पहिल्यांदाच जावयाकडे वळले. चेहरा असा, की टकटक केली तर तडकेल. "झडप लावल्यावर वाफ जाते?"

"लावल्यावर नाही जाणार तर कधी जाणार?"

"हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच लावलीत की! मी म्हणणारच होतो, इतक्यात कशाला लावताय?"

"सुरुवातीला झडप लावायची नाही तर काय शेवटी लावायची?"

"शेवटीच लावतात!"

"माझ्या भट्टीत मलाच सांगता? सबंध जन्म मी सुरुवातीला लावत आलो!"

"मग इतकी वर्षं फळ्या तडकल्या कशा नाहीत?"

आता हे भांडण पाहिलेत ना? एकाही शब्दावर मतभेद नव्हता. झडप लावली आहे, हे दोघांना मान्य. वाफ जाते आहे, हे दोघांना मान्य. आणि दोघेही एकमेकांना वेड लागले आहे, असे मानून चालले होते. मास्तरांनी संतापाच्या भरात पुन्हा 'लावा' दाबले. सिस्टिमने नम्रपणे कळवले, 'झडप लावली'.

"बघा!" दोघे एकदमच म्हणाले.

आणि ताईची मुदत संपली.

"गप!" ती इतक्या जोरात ओरडली की मी हातातले सरसाचे डबे खाली ठेवले. "दोघांनी तोंडं मिटा. एक शब्द नको. आता मला हातांनी दाखवा. झडप लावली, म्हणजे कशी? दाखवा!"

मास्तरांनी दोन्ही तळवे एकमेकांना घट्ट चिकटवले. पॉइंटरावाने दोन्ही हात फाकवून आकाशाकडे केले. सासरा हात जोडून उभा आणि जावई 'माझ्याकडे काही नाही' असे दाखवतो आहे, असे ते चित्र. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिले. मग स्वतःच्या. सिस्टिम ओरडतच होती.

"दार लाव म्हणजे मिटायचं," पॉइंटराव पुटपुटला. "पंखा लाव म्हणजे चालू करायचा. आणि झडप..."

"झडप म्हणजे छताचं दारच की!" मास्तर म्हणाले.

"मी तिला पंख्याच्या घरात दिली होती. लावली म्हणजे चालू, चालू म्हणजे उघडी."

"आधी तिला 'नको' म्हणा!" ताई म्हणाली. "तिकडे फळ्या सुकताहेत!"

मास्तरांनी 'नको' दाबले. वरून पुन्हा घरघर झाली. झडप मिटली. स्क्रीनवर अक्षरे आली: 'झडप नको'. दमटपणाचा आकडा थबकला, जरा विचारात पडला आणि वर चढू लागला. ताई जाडे हातमोजे घालून बाजूच्या छोट्या खिडकीतून नमुन्याची एक फळी काढून घेऊन आली. तिने यंत्र टेकवले, फळी उलटीसुलटी करून पाहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, निकालाच्या दिवशी बघतात तसे.

"वाचल्या," ती म्हणाली.

ओरडा ऐकून साहेब धावत आले, हद्द अर्थातच ओलांडलेली. "काय झालं? कुणाची चूक? सिस्टिम नापास का? मास्तर, नापास असेल तर तसं लिहा, मी आत्ताच्या आत्ता कंपनीला फोन लावतो!"

नापास लिहायला मास्तरांना एवढे पुरेसे होते. झडपेचा पॉइंट उलटा होता, हे काही खोटे नव्हते. पॉइंटराव बुटांकडे बघत उभा राहिला. ताईने बापाकडे पाहिले नाही, फळी पुसत राहिली. ती एकच फळी तिने किती वेळा पुसली असेल!

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "चूक," ते म्हणाले, "माझ्या तोंडाची आहे. मी सगळ्यालाच लाव म्हणतो. आणि यांच्या कानाची आहे. लाव म्हणजे काय, हे विचारायचं सोडून लिहून घेतलं."

"विचारणार कुणाला होतो?" पॉइंटराव हळूच म्हणाला. "तुम्ही बोलत कुठे होता?"

"तेही आहे." मास्तरांनी साहेबांकडे मान वळवली. "सहीचं संध्याकाळी सांगतो. तुम्ही जा. इथे गर्दी नको, ऊब वाढते."

साहेब गेले. मास्तर उठले, स्टूल पायाने पुढे सरकवले आणि म्हणाले, "बसा. स्टूल माझं आहे, पण बसा. एकेक पॉइंट काढा."

मग दुपारभर त्या केबिनीत जे चालले ते बारशापेक्षा कमी नव्हते. प्रत्येक पॉइंटाला स्वतःचा शब्द.

"पंखा?"

"पंखा चालू, पंखा बंद."

"दार?"

"दार उघडं, दार मिटलं. 'बंद' नको हं. बंद पंखा आणि बंद दार एकाच ओळीत आले तर पुन्हा आपण हात दाखवत बसणार."

"बरोबर," पॉइंटराव म्हणाला, आणि तोंडातून 'बरोबर' निघाल्याचे त्याचे त्यालाच नवल वाटले. "वाफ?"

"वाफ सोडली, वाफ रोखली."

"आणि झडप?"

मास्तरांनी तळवे जोडून दाखवले, मग फाकवून दाखवले. पॉइंटरावाने लिहिले: मिटली, उघडी. मग दोघेही हसले. आधी चोरून, मग एकमेकांना पकडून.

"दार फार वेळ उघडं राहिलं तर ओरडायचं ना?" पॉइंटरावाने विचारले. "काय लिहू?"

"लिहा: दार मिटा रे, वाफ काय तुमच्या बापाची आहे?"

"एवढी अक्षरं मावत नाहीत."

"मग नुसतं 'वाफ काय बापाची' लिहा. पोरांना बाकीचं पाठ आहे."

मावले. आजही दार उघडे राहिले की स्क्रीनवर लाल अक्षरांत तेच येते, आणि कंपनीचा मोठा साहेब तपासणीला येतो तेव्हा आम्ही दारे जपून मिटतो.

शेवटचा पॉइंट झाला तेव्हा ताई चहाचे कप घेऊन आली. दोघांच्या मध्ये उभे राहायची तिची नेहमीची जागा आता उरली नव्हती, म्हणून ती टेबलाच्या कडेला टेकली. "सगळ्यांचे शब्द बदलले का?" तिने विचारले. "मग एक राहिला. आमचं लग्न तुम्हीच लावलंत ना, बाबा? ते कशात धरायचं? पंख्यासारखं, का दारासारखं?"

पॉइंटराव चहात बघत म्हणाला, "चालू."

"ते अजून तपासणीत आहे," मास्तर म्हणाले. पण कप उचलून त्यांनी आधी जावयापुढे सरकवला.

दोन नंबरची भट्टी शांतपणे चालली होती. मास्तर उठून तिच्यापाशी गेले. लोखंडी दारावर टकटक केली, कान लावला, नाकाने हवा ओढली. परत आले आणि स्क्रीनवरचे आकडे चष्मा वर-खाली करत वाचले. मग पुन्हा दाराशी गेले, पुन्हा आले. पॉइंटराव स्टुलावर बसून होता. काही म्हणाला नाही. शहाणपण त्याला थोडे उशिराच सुचते, पण सुचते.

साहेब कागद घेऊन आले. मास्तरांनी पेन मागितले, झटकले, आणि मोठ्या गोल अक्षरांत लिहिले: 'मान्य'. खाली सही केली. ताईने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. तो माझ्या कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. साहेब कागद उचलणार, तोच मास्तर म्हणाले, "थांबा," आणि सहीखाली आणखी एक ओळ घातली.

पॉइंटराव मान लांब करून वाचू लागला. 'भट्ट्या यापुढे नीट चालतील, असा अंदाज आहे.'

त्याने मास्तरांकडे पाहिले. "अंदाजच?"

"अंदाजच," मास्तर म्हणाले, आणि 'च'वर असा जोर दिला की काटा निघाल्याचे सगळ्यांना ऐकू आले. "आता उठा, जावईबापू. आणि जाताना ते दार लावा."

पॉइंटराव दारापाशी जाऊन थबकला. हात कडीवर ठेवून त्याने मागे वळून विचारले, "म्हणजे मिटायचं ना?"